खाडीमुखातील शिडाचे नौकानयन, कोकणातील

भरती-ओहोटीच्या पाण्याने भरणाऱ्या व ओसरणाऱ्या नदीमुखातून शिडाची लहान नौका खुल्या समुद्रात नेण्याची व परत आणण्याची कोकण किनाऱ्यावरील परंपरागत विद्या. खाडीच्या आत पाणी शांत असते आणि मुखाबाहेर समुद्र पुरेसा खोल असतो. धोका असतो तो या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात. नदीने वाहून आणलेली आणि लाटांनी परत लोटलेली वाळू तेथे साचते व पाण्याखाली दांडा तयार होतो. या उथळ दांड्याने कोकणातील नौकांची घडण ठरविली, बंदरांचे भवितव्य ठरविले आणि मराठ्यांच्या आरमाराचे बळ व त्याच्या मर्यादा या दोन्ही पुष्कळ अंशी त्यानेच निश्चित केल्या. आरमाराच्या इतिहासात किल्ले, तोफा व सेनानी यांची चर्चा विपुल आढळते. वाळूच्या दांड्याची चर्चा क्वचितच होते.

महाराष्ट्रातील बहुतेक मोठ्या नद्या पूर्ववाहिनी आहेत. हिंगोली जिल्ह्यातील कयाधूचे पाणी पैनगंगा, वर्धा, प्राणहिता व गोदावरी असा लांबचा प्रवास करून बंगालच्या उपसागरास मिळते; त्यामुळे पठारावरील माणसाला समुद्राची भरती ही ऐकीव गोष्टच राहिली. सह्याद्रीच्या पश्चिमेकडील नद्यांचे स्वरूप अगदी निराळे आहे. त्या आखूड व तीव्र उताराच्या असून पावसाळ्यात दुथडी वाहतात, तर उन्हाळ्यात त्यांच्या वरच्या पात्रात जेमतेम पाणी उरते. खालच्या भागात मात्र समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा आत शिरते. उल्हास, अंबा, कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, वाघोटन, कर्ली, तेरेखोल इ. नद्यांच्या मुखांशी अशा खाड्या असून त्यांतून भरतीच्या जोरावर नौका कित्येक किलोमीटर आतपर्यंत जात. कल्याण, नागोठणे, रोहा, महाड, चिपळूणजवळील गोवळकोट, संगमेश्वर, राजापूर व खारेपाटण ही गावे समुद्रापासून दूर असूनही बंदरे म्हणून नावारूपास आली, ती यामुळेच. घाटावरून बैलांच्या तांड्यांनी आलेला माल येथे गलबतांत भरला जाई आणि मीठ, नारळ, सुकी मासळी घाटावर चढे.

मुखाची रचना : कोकणातील पुष्कळ खाड्यांच्या मुखाशी एका अंगास खडकाळ भूशिर आणि दुसऱ्या अंगास वाळूची पुळण अशी रचना आढळते. पुळणीकडून वाळूचा दांडा पाण्याखाली पुढे सरकतो आणि खोल पाण्याची वाट बहुधा भूशिराच्या कडेने जाते. ही वाट कायम राहत नाही. एका पावसाळ्यात नदीला मोठे पूर आले की ती सरळ व रुंद होते, पुढच्या वर्षी पुन्हा वाकडी व उथळ होते. म्हणून जुन्या नकाशापेक्षा त्या खाडीत रोज ये-जा करणाऱ्या कोळ्याच्या किंवा गाबिताच्या माहितीवर तांडेल अधिक विसंबे.

भूशिरांवरील किल्ल्यांचे स्थानही यावरून उलगडते. कुंडलिकेच्या मुखावरील कोर्लई, सावित्रीवरील बाणकोट, वाशिष्ठीवरील अंजनवेलचा गोपाळगड, शास्त्रीवरील जयगड, मुचकुंदीवरील पूर्णगड, वाघोटनवरील विजयदुर्ग व तेरेखोल ही त्यांतील ठळक उदाहरणे. आत येणाऱ्या गलबताला खोल वाट सोडता येत नाही आणि खोल वाट किल्ल्याच्या तोफांखालून जाते. जकात वसूल करण्यासही हीच जागा सोयीची होती.

भरती, वारा व तिथी : कोकण किनाऱ्यावर सु. साडेबारा तासांच्या अंतराने भरती येते व प्रत्येक दिवशी तिची वेळ सु. पाऊण तास पुढे सरकते. पौर्णिमा व अमावास्या या तिथींच्या सुमारास भरती फार चढते व ओहोटीही खोल जाते. यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास चढउतार कमी असतो; तो भांग. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना हा चढउतार कमी होत जातो. मुंबईस मोठ्या उधाणात तो साडेचार ते पाच मी.पर्यंत जातो, तर गोव्याच्या बाजूस दोन मी.च्या आसपास राहतो. मुंबईच्या परिसरात पूर्ण भरतीची वेळ काढण्याचे एक सोपे गणित रूढ आहे. तिथीचा अंक घेऊन त्याची पाऊणपट करावी. येणारा अंक म्हणजे घड्याळातील भरतीची वेळ. अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ, पौर्णिमेस सव्वाअकरा. पंचांग हे कोकणच्या दर्यावर्दी माणसाच्या दृष्टीने केवळ धर्मकृत्यांचे साधन नव्हते, हे यावरून ध्यानात येईल.

नौकेला खाडीबाहेर काढण्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागत. दांड्यावर पुरेसे पाणी हवे, वारा जमिनीकडून हवा आणि वाट दिसेल इतका उजेड हवा. आश्विनापासून फाल्गुनापर्यंत रात्रीच्या उत्तरभागात जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो व तो सकाळी उशिरापर्यंत टिकतो. दुपारी त्याच्या उलट खारा वारा सुरू होतो. म्हणजे बाहेर पडण्याची वेळ पहाटेची. परंतु पहाटेस पूर्ण भरती येते ती अष्टमीच्या आगेमागे, आणि तेव्हा भांग असल्यामुळे पाणी बेताचेच चढते. उधाणाचे भरपूर पाणी मिळते ते मध्यान्ही किंवा मध्यरात्री. मध्यान्ही वारा लवकरच विरुद्ध फिरतो. अमावास्येच्या मध्यरात्री वाट दिसत नाही. पौर्णिमेच्या रात्री मात्र पाणी, चांदणे व थोड्याच वेळात सुटणारा मतलई वारा या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. माल भरलेल्या जड गलबतासाठी ती रात्र विशेष सोयीची ठरे, तर हलका मचवा अष्टमीच्या पहाटेही सहज निघून जाई.

वरच्या बंदरातून निघालेली नौका एकाच दमात समुद्रात जाऊ शकत नसे. आधीच्या ओहोटीबरोबर ती खाली मुखापर्यंत येई आणि पुळणीच्या आडोशाला नांगर टाकून पुढील भरती चढण्याची वाट पाही. तांडेल भूशिरावर किंवा डोलकाठीवर चढून दांड्यावर लाटा कोठे फुटतात, कोठे फुटत नाहीत ते निरखी; न फुटणारा काळसर पट्टा म्हणजे खोल वाट. शिशाचे वजन बांधलेल्या दोरीने वावांत खोली मोजली जाई.

येथे नवख्याची चूक ठरलेली असे. ओहोटीचा प्रवाह समुद्राकडे जातो, तेव्हा तो जोरात असतानाच बाहेर पडावे, म्हणजे वेळ व श्रम वाचतील, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात जोराची ओहोटी व समोरून येणारी लाट यांची गाठ दांड्यावर पडली की लाट आखूड, उंच व उभी होते आणि मोडते. त्याच वेळी दांड्यावरील पाणी घटत असते. उताराच्या प्रवाहामुळे नौकेला मागे फिरताही येत नाही. नाळ लाटेखाली जाते किंवा तळ वाळूवर आपटून सुकाणू निखळते. म्हणून जाणता तांडेल भरती पूर्ण होऊन पाणी थबकले की किंवा नुकतेच उतरू लागले की दांडा ओलांडी. शीड अगोदरच ताणलेले, वल्ही पाण्यात तयार, माल व माणसे शक्यतो मध्यभागी व मागे आणि नाळ थेट लाटेकडे अशा स्थितीत नौका पुढे नेली जाई. वारा पडला तर वल्ह्यांवर निभावून न्यावे लागे. मोठ्या लाटा बहुधा काहींच्या गटाने येतात. त्यांच्या मागोमाग थोडा उसंतीचा काळ मिळतो, तोच साधावयाचा असे.

परतीचा प्रवास वाऱ्याच्या दृष्टीने सोपा, पण लाटेच्या दृष्टीने अधिक अवघड. दुपारचा खारा वारा व चढती भरती दोन्ही नौकेला आत ढकलतात. परंतु समुद्राकडून पाहणाऱ्यास लाटांची केवळ पाठ दिसते, त्या फुटताना दिसत नाहीत. त्यामुळे दांड्याचा जोर बाहेरून कमी भासतो. मागून आलेली लाट नौकेची मागची बाजू उचलते, सुकाणू पाण्याबाहेर येते व नौका आडवी फिरते. आडव्या नौकेवर पुढची लाट कोसळली की ती उलटते. शंका आल्यास बाहेरच नांगर टाकून राहावे किंवा शेजारच्या निर्धोक खाडीचा आश्रय घ्यावा, हा शहाणपणाचा मार्ग होता. मात्र घर नजरेसमोर असताना तो पत्करणे सर्वांनाच जमत नसे.

ज्येष्ठापासून नैऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे बहुतेक खाडीमुखे लहान नौकांना बंदच होत. नौका किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारून ठेवीत. श्रावणातील नारळी पौर्णिमेस समुद्रास नारळ अर्पण करून पुन्हा दर्यावर जाण्यास आरंभ होई.

प्राचीन काळ : पश्चिम किनाऱ्यावरील भरतीच्या मुखात शिडाची जहाजे कशी नेत, याचे सर्वांत जुने तपशीलवार वर्णन पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी या इ. स. पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात मिळते. ते नर्मदेच्या मुखावरील बॅरिगाझा म्हणजे भडोचचे आहे. खंबायतच्या आखातातील प्रचंड भरती, क्षणात उघडी पडणारी वाळू व प्रवाहात उलटणारी जहाजे यांचे वर्णन करून ग्रंथकार सांगतो की, राजाच्या सेवेतील स्थानिक कोळी मोठ्या नावा घेऊन परदेशी जहाजांना सामोरे जात आणि त्यांना भरतीबरोबर टप्प्याटप्प्याने ओढून नेत. ओहोटी लागली की ठरलेल्या खोल जागी नांगर टाकीत. याच ग्रंथात सोपारा, कल्याण व चौल यांचाही उल्लेख आहे. कल्याणच्या बंदरात शिरणाऱ्या ग्रीक जहाजांना त्या काळी पहाऱ्यात भडोचकडे नेले जाई, असे तो नमूद करतो. खाडीच्या मुखावर ज्याची सत्ता, त्याच्या हाती आतील बंदराचा व्यापार, हा अनुभव अशा रीतीने कोकणात फार जुना आहे.

नौका : दांडा ओलांडण्याच्या गरजेतून कोकणातील नौकांना त्यांचे विशिष्ट रूप आले. त्या लांबीच्या मानाने रुंद, पुढे निमुळत्या व कमी डुबीच्या म्हणजे पाण्याखाली थोडाच भाग जाणाऱ्या असत. उंच व तिरक्या आडकाठीवर चढविलेले मोठे तिकोनी शीड थोड्या वाऱ्यातही ओढ घेई आणि वारा नसल्यास वल्ही कामी येत. होडी, मचवा, पडाव, गलबत, शिबाड असे त्यांचे लहानमोठे प्रकार होते. युद्धनौकांत गुराब हा दोन किंवा तीन डोलकाठ्यांचा प्रकार प्रमुख होता. अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याच्या वर्णनाप्रमाणे गुराबा दीडशे ते तीनशे टनांपर्यंत असत व त्यांना फार थोडे पाणी पुरे. गलबते सहसा सत्तर टनांहून मोठी नसत व त्यांवर चाळीस-पन्नास वल्ही चालत.

मराठ्यांचे आरमार : छत्रपती शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण व भिवंडी घेतल्यानंतर तेथे जहाजबांधणीस प्रारंभ झाला. लाकूड, सुतार व सुरक्षित पाणी या सर्व सोयी तेथे होत्या. उणीव एकच होती. उल्हास खाडीचे समुद्राकडील मुख वसईच्या पोर्तुगीजांच्या नजरेखाली होते. या कामावर रुय लैतांव व्हियेगस हा पोर्तुगीज कारागीर होता. पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून १६५९ च्या सुमारास तो व त्याचे सहकारी काम सोडून गेले. खाडीत बांधलेले आरमार उद्या समुद्रात उतरेल, ही चिंता त्यामागे होती. पुढे सिंधुदुर्ग (पायाभरणी १६६४), सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग अशी उघड्या समुद्रालगतची ठाणी महाराजांनी उभारली किंवा बळकट केली, त्याचा एक हेतू दुसऱ्याच्या हातातील मुखावर अवलंबून राहावे लागू नये हा असला पाहिजे. फेब्रुवारी १६६५ मधील बसरूरच्या मोहिमेत ८५ लहान नौका व अवघी तीन मोठी जहाजे होती, असे इंग्रजांच्या तत्कालीन पत्रांवरून दिसते. हे प्रमाण बोलके आहे.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (सु. १७१५) आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. गुराबा फार मोठ्या नसाव्यात व फार लहानही नसाव्यात, त्या मध्यम असाव्यात आणि वाऱ्यावाचून निरुपयोगी ठरणारी थोर जहाजे बांधण्याचे कारणच नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. हे सूत्र खुल्या समुद्रातील युद्धाचे नव्हे, खाडीमुखातील युद्धाचे आहे. कान्होजी आंग्रे (मृ. १७२९) यांनी ते पूर्णत्वास नेले. त्यांच्या व त्यांच्या वारसांच्या नौका खाडीत दडून राहत. बाहेर शीड दिसताच नांगराचे दोर सोडून त्या एकदम समुद्रात येत. वारा असला तर कमी डुबीच्या गुराबा वेगाने पाठलाग करीत. वारा पडला तर गलबते वल्ह्यांच्या बळावर गुराबांना ओढून शत्रूच्या मागच्या बाजूस नेत, कारण तेथे तोफा कमी असत. प्रसंग उलटला तर त्या दांडा ओलांडून आत जात आणि मोठी यूरोपीय जहाजे बाहेरच थांबत. इंग्रजांनी १७२० मध्ये विजयदुर्गावर पाठविलेली ‘फ्राम’ नावाची सपाट तळाची तरंगती तोफनौका ही याच अडचणीवरील तोड होती. ती मोहीम फसली. १७२४ मध्ये डचांचाही हल्ला निष्फळ ठरला.

या पद्धतीची दुसरी बाजू १७५६ मध्ये विजयदुर्गासच दिसून आली. वाघोटन खाडीचे मुख कोकणातील इतर मुखांहून वेगळे आहे. तेथे अडविणारा वाळूचा दांडा नाही, पाणी खोल आहे आणि पावसाळ्यातही जहाजास आत येता येते. म्हणूनच आंग्र्यांना आपली मोठी तीन डोलकाठ्यांची जहाजे तेथे ठेवता आली व आत खाडीकाठी खडक खोदून गोदीही करता आली. परंतु जी वाट स्वतःच्या मोठ्या जहाजांना मोकळी होती, ती शत्रूच्या मोठ्या जहाजांनाही मोकळी होती. पेशव्यांशी संधान बांधून आलेल्या इंग्रजांच्या आरमाराने, ॲडमिरल चार्ल्स वॉटसनच्या नेतृत्वाखाली, १२ फेब्रुवारी १७५६ रोजी किल्ल्यास वळसा घालून खाडीत प्रवेश केला आणि अगदी जवळून उत्तरेकडील तटावर तोफा डागल्या. तुळाजी आंग्र्यांच्या नौका खाडीत एकमेकींस लागून उभ्या होत्या. १७४९ मध्ये इंग्रजांकडून जिंकलेल्या ‘रेस्टोरेशन’ या जहाजावर तोफेचा गोळा पडून आग लागली व ती पसरत जाऊन सबंध आरमार जळाले. कित्येक दशके ज्या गुराबांनी खाडीतून बाहेर झेप घेऊन समुद्र आवरला, त्यांना त्या दिवशी बाहेर पडता आले नाही. मुख शत्रूच्या ताब्यात होते. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. त्याच वर्षी बाणकोटच्या मोबदल्यात विजयदुर्ग पेशव्यांकडे आला आणि धुळपांच्या अधिपत्याखाली तेथे आरमार पुन्हा उभे राहिले. आंग्रेकालीन दरारा मात्र त्यास पुन्हा लाभला नाही. आपसांतील वैरापायी पेशव्यांनी परक्याच्या हातून हे आरमार जाळविले, हा आरोप इतिहासकारांनी वारंवार केला आहे व तो सर्वस्वी निराधार नाही.

गाळ, आगबोटी व यंत्रे : सोपारा, चौल व कल्याण यांची बंदरे गाळाने क्रमाक्रमाने उथळ झाली. राजापुरात १६४९ मध्ये इंग्रजांनी वखार घातली, तेव्हा ते भरभराटीचे बंदर होते. १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटिअरच्या काळापर्यंत मोठ्या गलबतांना जुन्या धक्क्यापासून सु. पाच किमी. अलीकडेच थांबावे लागत होते. डोंगरउतारांवरील जंगलतोड व शेती यांमुळे मातीची धूप वाढली, हे त्याचे एक प्रमुख कारण होय. मुंबईच्या खोल व रुंद बंदरास असा अडसर नव्हता. तिच्या उत्कर्षाची जी कारणे दिली जातात, त्यांत या साध्या गोष्टीस वरचे स्थान द्यावयास हवे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात किनाऱ्यालगत आगबोटींची वाहतूक सुरू झाली. बहुतेक ठिकाणी आगबोट मुखाबाहेर किंवा मुखाशी थांबे आणि उतारूंना पडावांतून ने-आण करावी लागे. मुंबईच्या गिरण्यांत कामास जाणाऱ्या कोकणी माणसाच्या कित्येक पिढ्यांच्या आठवणीत आगबोटीपेक्षा या हेलकावणाऱ्या पडावाचीच भीती अधिक घर करून राहिली. दांड्याचे ज्ञान अशा प्रकारे व्यापारी तांडेलाकडून पडाववाल्याकडे आले. रस्ते वाढले, आगबोटी बंद पडल्या आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, तेव्हा तेही काम संपले. मच्छीमार नौकांवर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्रे बसली व शीड दुय्यम झाले. यंत्रामुळे वाऱ्याची अट सुटली, पण पाण्याची सुटली नाही. रत्नागिरीजवळील भाट्ये खाडीच्या मुखाशी साचणाऱ्या वाळूमुळे राजिवड्याच्या नौकांना आजही भरतीची वेळ पाहावी लागते आणि घाई केलेल्या नौका तेथे आपटतात.

शिडाने महासागर गाठण्याची हौस व साहस यांस अलीकडे नवे रूप आले आहे. गोव्यात मांडवीतील दिवाडी बेटावर बांधलेली, सु. १७ मी. लांबीची ‘म्हादेई’ ही नौका २००९ मध्ये भारतीय नौदलात दाखल झाली. तीतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये मुंबईहून निघून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी ती कोठेही न थांबता पूर्ण केली. अशा नौकेचा तळ खोल असतो व ती उलटू नये म्हणून तळाशी जड वजन असते. गुराबेची घडण याच्या नेमकी उलट होती. मांडवीचे मुख पावसाळ्यात वाळू व लाटांमुळे धोक्याचे होते. पणजीचे जुने खलाशी त्या दिवसांत आग्वादच्या भूशिराकडे पाहून बाहेरच्या समुद्राचा अंदाज घेत.